कार्व्हरच्या पलीकडचं टस्कीगी

मराठी घरांत टस्कीगी हे नाव फार पूर्वीच पोचलं आहे. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ हे टस्कीगीतल्या कृषिशास्त्रज्ञाचं चरित्र 1981 मध्ये आलं आणि तेव्हापासून शाळेच्या बक्षिसांतून, वाढदिवसाच्या भेटींतून ते फिरतंच आहे. अमेरिकेतल्या एखाद्या आडगावाशी इतक्या मराठी वाचकांचं असं नातं क्वचितच जडलं असेल. आणि तरीही अटलांटात मुलांकडे महिना-दोन महिने राहून येणारी मंडळी जेवढ्या उत्साहाने नायगाऱ्याला जातात, तेवढ्या उत्साहाने इकडे वळत नाहीत. खरं तर अटलांटाहून माँटगोमरीकडे जाणाऱ्या महामार्गाने निघालं की दोन-सव्वादोन तासांत टस्कीगी येतं. अलाबामा राज्यातलं, मेकन काउंटीचं हे मुख्यालय. वस्ती दहा हजारांहूनही कमी, बहुतेक सगळी कृष्णवर्णीय. गावात दिमाख नाही, बाजारपेठेतल्या कित्येक इमारती थकलेल्या दिसतात. पण एवढ्याशा गावात अमेरिकेचा जेवढा इतिहास घडला, तेवढा तिथल्या मोठ्या शहरांच्याही वाट्याला आलेला नाही.

सुरुवात विद्यापीठाच्या आवारापासून करावी. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या मुक्त झालेल्यांच्या शिक्षणाचं काय, या प्रश्नाचं एक उत्तर आठ वर्षांनी टस्कीगीत उभं राहू लागलं. लुईस ॲडम्स हा एकेकाळी गुलाम असलेला पत्र्याचा कारागीर आणि जॉर्ज कॅम्पबेल हा एकेकाळी गुलामांचा मालक असलेला सावकार, अशा दोघांच्या पुढाकाराने इथे शाळा, म्हणजे आजच्या विद्यापीठाचं मूळ रूप, मंजूर झाली. राज्याने वर्षाला दोन हजार डॉलर दिले, तेही फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जागा नाही, इमारत नाही, पुस्तकं नाहीत. त्या शाळेवर नेमणूक झाली पंचवीस वर्षांच्या बुकर टी. वॉशिंग्टन यांची. ते स्वतः गुलामीत जन्मलेले. 4 जुलै 1881 रोजी तीस विद्यार्थ्यांना घेऊन एका चर्चच्या आवारातल्या मोडक्या खोपटात वर्ग सुरू झाले. पुढच्या वर्षी ओसाड पडलेला शंभर एकरांचा मळा विकत घेतला गेला.

आवारातल्या लाल इमारतींकडे पाहताना एक गोष्ट मनात ठेवावी. त्यांच्या विटा विद्यार्थ्यांनी पाडल्या आहेत. माती तिथलीच, हात त्यांचेच. वीटभट्टी लावणं कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. पहिल्या तीन भट्ट्या वाया गेल्या. चौथीसाठी पैसे नव्हते, तेव्हा वॉशिंग्टन यांनी माँटगोमरीला जाऊन स्वतःचं घड्याळ पंधरा डॉलरांना गहाण टाकलं. चौथी भट्टी साधली. ते घड्याळ मात्र त्यांना परत कधी सोडवता आलं नाही. पुढे त्या विटा आसपासचे गोरे लोकही विकत घेऊ लागले. इमारतींचे आराखडे काढले रॉबर्ट टेलर यांनी. एमआयटीतून 1892 मध्ये वास्तुशास्त्राची पदवी घेतलेला हा कृष्णवर्णीय तरुण कुठल्याही मोठ्या शहरात न जाता इथे आला. म्हणजे कल्पना, आराखडा, वीट आणि गवंडीकाम, सगळं संस्थेच्या आतलं. जगात देखणी विद्यापीठं पुष्कळ आहेत. विद्यार्थ्यांनी अक्षरशः पायापासून बांधलेलं असं दुसरं विद्यापीठ मला माहीत नाही.

‘द ओक्स’ हे वॉशिंग्टन यांचं 1899 चं घरही याच विटांचं आहे आणि ते आता राष्ट्रीय उद्यान विभागाच्या देखरेखीखाली आहे. आवाराच्या मध्यावर चार्ल्स केक यांनी घडवलेलं, 1922 मध्ये अनावरण झालेलं शिल्प दिसतं. नांगर आणि ऐरणीपाशी पुस्तक घेऊन बसलेला माणूस आणि त्याच्यावरचा अज्ञानाचा पडदा दूर करणारे वॉशिंग्टन. तीसच्या दशकात इथे शिकलेले कादंबरीकार राल्फ एलिसन यांनी ‘इन्व्हिजिबल मॅन’मध्ये अशाच एका पुतळ्याबद्दल अवघड प्रश्न विचारला आहे: हा हात पडदा उचलतो आहे, की आणखी घट्ट ओढून घेतो आहे? वॉशिंग्टन यांनी राजकीय हक्कांआधी हाताच्या कौशल्यावर भर दिला आणि त्यावरून विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला. तो वाद मनात घेऊन त्या शिल्पासमोर थोडा वेळ उभं राहावं, घाईने फोटो काढून पुढे जाऊ नये.

आणि मग कार्व्हर. ते 1896 मध्ये आयोवाहून आले आणि 1943 मध्ये इथेच गेले. त्यांचं संग्रहालय पूर्वीच्या धुलाईघरात आहे. 1941 मध्ये त्याच्या समारंभाला हेन्री फोर्ड आले होते. शेंगदाणे आणि रताळ्यांपासून केलेल्या पदार्थांचे नमुने, अलाबामाच्या मातीतून काढलेले रंग, त्यांचं विणकाम, त्यांची चित्रं हे सगळं पाहताना पुस्तक वाचलेल्या माणसाला ओळखीच्या घरी आल्यासारखं वाटतं. 1947 च्या आगीत बरीच चित्रं नष्ट झाली, म्हणून उरलेली जास्तच जपून पाहावीत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पीनट बटर कार्व्हर यांनी शोधलं, असं आपल्याकडेही अनेक जण सांगतात. ते खरं नाही, आणि त्यांच्या मोठेपणाला त्याची गरजही नाही. त्यांचं खरं काम दमलेल्या जमिनीवर होतं. वर्षानुवर्षं कापूस एके कापूस घेऊन इथल्या शेतांचा कस गेला होता, त्यात बोंडं पोखरणारा भुंगा आला. भुईमूग आणि चवळीसारखी द्विदल पिकं हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे त्यांनी शेतकऱ्याच्या भाषेत सांगितलं. मग पिकलेल्या शेंगांचं करायचं काय, याचीही उत्तरं दिली. 1916 च्या त्यांच्या पुस्तिकेत शेंगदाण्याच्या 105 पाककृती आहेत. शिकायला येऊ न शकणाऱ्यांसाठी 1906 मध्ये घोडागाडीवरची फिरती शेतीशाळा निघाली. मॉरिस जेसप या न्यूयॉर्कच्या धनिकाने पैसे दिले म्हणून तिचं नाव जेसप वॅगन. अवजारं, बियाणं, दूध काढण्याची भांडी भरून ती गाडी वाड्यावस्त्यांवर जाई. विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीची गोष्ट जवळून पाहिलेल्या वाचकाला या दालनात बराच वेळ लागेल. लागू द्यावा.

तिथून चालत चॅपलपर्यंत जाता येतं. जुनं चॅपल 1957 मध्ये जळालं, आताचं पॉल रुडॉल्फ यांच्या आराखड्यावरून 1969 मध्ये पूर्ण झालं. गुलामीत जन्मलेल्या भक्तिगीतांवरची त्यातली रंगीत काचचित्रं विलक्षण आहेत. शेजारच्या दफनभूमीत वॉशिंग्टन आणि कार्व्हर जवळजवळ विसावले आहेत.

बहुतेक मराठी पाहुणे इथूनच परत फिरतात. माझा आग्रह आहे, फिरू नये.

गावाबाहेर मोटन फील्ड आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात काळ्या-गोऱ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या आणि काळा माणूस लढाऊ विमान चालवू शकणार नाही, अशी वरिष्ठांची समजूत होती. 1941 पासून या छोट्या धावपट्टीवर प्राथमिक धडे घेऊन सुमारे हजार वैमानिक तयार झाले. मार्च 1942 मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत जेमतेम पाच जण होते. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट टस्कीगीला आल्या, चार्ल्स अँडरसन या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाच्या विमानात बसून उडाल्या, आणि त्या उड्डाणाच्या फोटोने ही समजूत ढिली करायला बरीच मदत केली. आता दोन्ही हँगर संग्रहालय झाले आहेत. लाल शेपटीचं मस्टँग विमान मुलांना आवडेलच. मोठ्यांनी मेकॅनिक आणि पॅराशूटची घडी घालणाऱ्या स्त्रियांच्या कामाकडेही लक्ष द्यावं. 

आता गावात यावं. नागरी हक्कांच्या चळवळीतल्या रोझा पार्क्स यांचा जन्म इथलाच, 1913 चा. इथल्या मुख्य चौकात 1906 साली, यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या फौजेच्या सैनिकाचा पुतळा बसवला गेला. तो काढावा म्हणून इथल्या लोकांनी पुढे अनेकदा प्रयत्न केले. 1957 मध्ये काळे मतदार वाढू लागले, तेव्हा राज्याच्या विधिमंडळाने गावाची हद्दच बदलली. चौकोनी गाव अठ्ठावीस बाजूंचं झालं, आणि चारशेच्या आसपास काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे एका कायद्याने गावाबाहेर गेले. गोऱ्यांमधला एकही मतदार बाहेर गेला नाही. समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी गोऱ्या दुकानदारांकडची खरेदी थांबवली आणि खटला लढवला. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने कौल दिला.

त्या खटल्यातले वकील फ्रेड ग्रे. चौकापासून जवळच, साउथ एल्म स्ट्रीटवरचं टस्कीगी हिस्टरी सेंटर त्यांच्या पुढाकारातून उभं राहिलं. जागा लहान, मांडणी साधी. पण टस्कीगीत एकच ठिकाण पाहता येणार असेल, तर मी हे सांगेन. 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने मेकन काउंटीतल्या सुमारे सहाशे गरीब काळ्या पुरुषांवर एक ‘अभ्यास’ चालवला. त्यातल्या 399 जणांना सिफिलिस होता. त्यांना तो सांगितला नाही, ‘रक्त बिघडलंय’ एवढंच सांगितलं. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही ते मुद्दाम दिलं नाही, कारण उपचाराविना रोग कुठवर जातो हे पाहायचं होतं. बदल्यात फुकट तपासणी, जेवण आणि अंत्यविधीचा खर्च. ज्या संस्थेच्या विटांचं आपण कौतुक केलं, तिच्या रुग्णालयाचाही यात सहभाग होता. हे टाळून टस्कीगीची गोष्ट सांगता येत नाही. वृत्तपत्रांनी 1972 मध्ये हे उघड केलं. ग्रे यांनी त्या पुरुषांचा खटला चालवला आणि 16 मे 1997 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. त्या पुरुषांची नावं या केंद्रात लिहिली आहेत. जगभर या प्रकरणाला टस्कीगीचं नाव चिकटलं. अन्याय करणारं सरकार मात्र नावातून सुटलं, याची इथल्या लोकांना बोच आहे, आणि ती रास्त आहे. आज कुठल्याही रुग्णालयात प्रयोगाआधी रुग्णाची समजून घेतलेली संमती लागते, त्या नियमांमागे या माणसांनी भोगलेलं आहे.

थोडं व्यवहाराचं. स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच. विद्यापीठाच्या आवारातलं आणि मोटन फील्डचं, अशा उद्यान विभागाच्या दोन्ही स्थळांना प्रवेशशुल्क नाही, पण ‘द ओक्स’ आणि हिस्टरी सेंटर कधी उघडी आहेत, हे आधी विचारून घ्यावं. उन्हाळा दमट आणि कडक, त्यामुळे मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा. या भागात रस्त्याकडेला खारवून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात. आपल्याला त्या मुळीच परक्या वाटत नाहीत. 

वेळ उरला तर टस्कीगी नॅशनल फॉरेस्टमध्ये जावं. अमेरिकेतलं हे सर्वांत लहान राष्ट्रीय वन, जेमतेम अकरा हजार एकरांचं. तीसच्या दशकात सरकारने ही जमीन घेतली, तेव्हा इथे झाडं नव्हती. कापसाने पिळून काढलेली, पावसात धुपलेली पडीक शेतं होती. कार्व्हर ज्या जमिनीबद्दल जिवाच्या आकांताने सांगत होते, ती हीच. आता तिथे पाइनची दाट सावली आहे आणि अठराव्या शतकात या मुलखातून गेलेल्या विल्यम बार्ट्राम या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाची पायवाट आहे. पायांत बूट मात्र चांगले हवेत. पावसानंतर तिथली चिकणमाती सहज सोडत नाही.