ताम्रपट भिंतीवर, कागद ट्रंकेत

धाराशिव जिल्ह्यातल्या अणदूरच्या खंडोबाचा मुक्काम वर्षात दोन ठिकाणी असतो. सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. मूर्ती एकच. ती हलवायची वेळ आली की दोन्ही गावचे मानकरी समोरासमोर बसतात, देव नेण्या-आणण्याचा लेखी करार होतो आणि मगच पालखी उठते. भक्ती आहे, भाऊबंदकी आहे, पण कागदावाचून काम हलत नाही. देवाच्याही मुक्कामाचे लिहून घेणारा हा मुलूख.

याच मुलखातल्या ज्या माणसांनी निजामाच्या राजवटीशी झुंज घेतली, त्यांच्या घरातल्या कागदांचे हाल मात्र पाहवत नाहीत. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ साली, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले. निवृत्तिवेतनाची योजनाही त्याच वर्षीची. तो ताम्रपट आज बैठकीच्या खोलीत असतो, हार घातलेला. घरी पाहुणा आला की त्याला आधी तोच दाखवतात. तांब्याला कसर लागत नाही, वाळवी लागत नाही. पण तो माणूस तुरुंगात काय खात होता, कोणावर चिडला होता, घरी किती उधारी होती, हे ज्या कागदांवर आहे ते पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांखाली पडलेले असतात.

अशी ट्रंक उघडली की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो. वर पेन्शनच्या अर्जाची जाडजूड फाइल. खाली पोस्टकार्डे, एखाद्यावर गुलबर्ग्याच्या किंवा चंचलगुड्याच्या तुरुंगाचा शिक्का. मग हाली रुपयातल्या पावत्या, कारण हैदराबाद संस्थानाचे नाणे वेगळे होते. मोडीतले एखादे कर्जरोख्याचे खत. आणि घरातल्या कोणालाही न वाचता येणारे दोन-चार उर्दू कागद. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले, म्हणून तहसीलची नोटीस उर्दूत, जप्तीचा हुकूम उर्दूत. मराठी घरातला सगळ्यात मोलाचा कागद बहुतेक वेळा तोच असतो आणि रद्दीत पहिल्यांदा जातो तोही तोच.

त्या कागदावरची तारीख हा तर स्वतंत्र प्रकार. संस्थानात फसली सन चाले. वर्ष ऑक्टोबरात सुरू होई आणि महिन्यांची नावे आजुर, दै, बहमन अशी इराणी. ऑक्टोबर ते डिसेंबरातल्या कागदाला ५९० आणि पुढच्या महिन्यांतल्या कागदाला ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे १३५७ फसली हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ असे वर्ष. हे गणित ठाऊक नसलेला नातू १३५७ हा इसवी सन धरून बसला, तर आजोबांचे अटक वॉरंट थेट बहामनी सुलतानाच्या काळात जाऊन पडते! सबंध मुक्तिसंग्रामातले सर्वांत धामधुमीचे वर्ष या एका आकड्यात आहे. त्याच्या थोडे आधी, ऑगस्ट १९४७ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्याचा लढा पुकारला. मग निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा धुमाकूळ, सोलापूर-बार्शीच्या बाजूने सरहद्दीवर उभ्या राहिलेल्या छावण्या. अखेर १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून हैदराबादच्या रस्त्याने शिरली. नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल सुरुंगाने उडण्याआधीच तिने ताब्यात घेतला. अणदूर-नळदुर्ग याच रस्त्यावर आहेत. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली.

या लढ्याचा कागदाशी संबंध तसा वाकडाच. जंगल सत्याग्रह, साराबंदी, करोडगिरीचे (जकातीचे) नाके जाळणे यांच्या जोडीला गावची सरकारी दप्तरे जाळणे हाही कार्यक्रम होता. जमिनीचा सारा, दंड, वेठ या सगळ्यांचे मूळ त्या दप्तरात, म्हणून आगही त्यालाच. घरात तर भीतीपोटी जळे. झडती येणार अशी कुणकुण लागली की आलेली पत्रे आधी चुलीत जात. नवऱ्याचा जीव मोठा की त्याचे अक्षर मोठे, असा प्रश्नच त्या बाईपुढे नव्हता.

त्यामुळे होते काय, की क्रांतिकारकाचे कागद जपण्याचे काम बरेचदा त्याच्या वैऱ्याने केलेले असते. वासुदेव बळवंत फडके १८७९ च्या जुलैत पकडले गेले. मेजर डॅनियलबरोबर निजामाच्या पोलिसांतले अब्दुल हक त्यांच्या मागावर होते. फडक्यांची रोजनिशी आणि त्यांनी लिहिलेली आत्मकथा सरकारच्या हाती पडली, ती खटल्यात त्यांच्याविरुद्ध वापरली गेली, आणि म्हणूनच ती उरली. १९५७ साली मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यात ती आपल्याला वाचायला मिळते. निजामाचे दप्तरही असेच. ते हैदराबादेत तारनाक्याच्या पुराभिलेखागारात नीट लावलेले आहे. ज्याला पकडले त्याच्या घरात काही नाही आणि ज्याने पकडले त्याच्याकडे फाइल आहे. इतिहास लिहिणारा मग त्या फाइलीच्या डोळ्यांनी पाहू लागतो, त्यात त्याचा तरी काय दोष?

आयर्लंडने यावर काय केले ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडच्या जुन्या पिढीला त्या देशाचे मोठे आकर्षण होते; न. चिं. केळकरांनी तर आयर्लंडचा इतिहासच मराठीत लिहिला. १९४७ ते १९५७ या दहा वर्षांत तिथल्या सरकारने स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसांकडे जाऊन १७७३ जबान्या लिहून घेतल्या आणि सगळ्या पेट्या कुलूपबंद केल्या. शेवटचा साक्षीदार जाईपर्यंत उघडायच्या नाहीत, असे ठरले होते. त्या उघडल्या २००३ साली. सरकारी कामापेक्षा मला एका घरातले काम अधिक थोर वाटते. एर्नी ओ'मॅली हा त्या लढ्यातला बंडखोर सेनानी. ब्रिटिशांशी लढला, नंतरच्या यादवीत आपल्याच माणसांशीही लढला. उतारवयात तो वह्या घेऊन गावोगाव हिंडला आणि साडेचारशेच्या आसपास जुन्या सोबत्यांच्या आठवणी टिपून घेतल्या. अक्षर असे की भल्याभल्यांनी हात टेकले. १९५७ साली तो गेला. त्याचा मुलगा कॉर्मॅक याने त्या वह्या डब्लिनच्या विद्यापीठाच्या अभिलेखागारात दिल्या आणि पुढे जाणकारांना हाताशी धरून त्या एकेका परगण्याच्या हिशेबाने छापून काढल्या. बापाने एका बाजूने यादवी लढली होती, पण वह्यांतली माणसे गाळली गेली नाहीत.

मराठी घरातले असे उदाहरण शोधायचे तर पांडुरंग खानखोजे यांच्याकडे जावे लागते. वर्ध्याचा हा मुलगा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देश सोडून गेला. अमेरिकेत शेती शिकला, गदर चळवळीच्या उभारणीत राहिला, पहिल्या महायुद्धात इराणच्या वाळवंटात लढला आणि १९२४ साली मेक्सिकोत पोचला. तिथे चापिंगोच्या कृषिविद्यालयात मक्याच्या वाणांवर त्याने नाव काढले. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने त्याला आपल्या भित्तिचित्रात बसवले. बायको बेल्जियन, मुली मेक्सिकोत वाढलेल्या, आठवणींची टिपणे मराठीत. अखेरची वर्षे नागपुरात. १९६७ साली तिथेच मृत्यू. अशा माणसाचे कागद चार देशांत आणि चार भाषांत विखुरतात. त्यांची कन्या सावित्री सहानी यांनी ते जुळवून २००८ साली वडिलांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मेक्सिकोत खानखोज्यांचा पुतळा उभा राहिला तो त्यानंतर, २०२२ साली. आधी कागद लागले, मग पुतळा झाला. आपल्याकडे क्रम उलटा असतो.

आता हात घालून करायच्या कामाकडे वळू. पुण्याचे पेशवे दप्तर ज्यांनी पाहिले आहे त्यांना रुमाल माहीत असतो. कापडाचा चौकोनी तुकडा, मध्ये कागदांचा गठ्ठा, चारी टोके घडी घालून वर दोरी. अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद अशा हजारो रुमालांत टिकले आणि त्यातूनच गो. स. सरदेसायांनी १९३० पासून पंचेचाळीस खंड छापून काढले. कापड हवा आत-बाहेर होऊ देते, दमटपणा धरून ठेवत नाही आणि पहिला मारा स्वतःवर घेते. प्लॅस्टिकच्या पिशवीत यातले काहीच होत नाही; आतल्या आत घाम सुटतो आणि कागदाला बुरशी धरते. घरी करायचे तर कोरे मांजरपाट घ्यावे, दोनदा धुऊन खळ काढून टाकावी आणि मग वापरावे, कारण कसर कागदाइतकीच खळीवर तुटून पडते.

पोस्टकार्डाच्या गठ्ठ्यातली टाचणी हा सगळ्यात जुना शत्रू. गंजून ती कागदात रुतलेली असते. ओढली तर कागद फाटतो. गठ्ठा सपाट ठेवावा, टाचणीखाली पातळ ताव सरकवावा आणि टोकाला हलकेच हलवून गंजाची पकड सुटू द्यावी. घाई असेल तर दुसऱ्या दिवशी करावे. घडी उलगडतानाही तेच. साठ-सत्तर वर्षे दुमडलेला कागद घडीच्या रेषेवर तुटायलाच बसलेला असतो. पावसाळी हवेत तो जरा नरमतो, तेव्हा उघडावा. मग मऊ ब्रशने, मधून कडेला, धूळ झाडावी. फाटले असेल तर सेलोटेप लावू नये. दहा वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन अक्षरासकट बसतो. अभिलेखागारात जपानी पातळ कागद आणि गव्हाची खळ वापरतात, कारण पाणी लावून ती पुन्हा सोडवता येते. जे लावाल ते काढता आले पाहिजे, एवढे पथ्य पाळले तरी निम्मे कागद वाचतील.

आणि लॅमिनेशन. आजोबांवरच्या प्रेमापोटी नातवाने केलेला हा सर्वांत मोठा अत्याचार. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात पंधरा-वीस रुपयांत तुरुंगातले पत्र प्लॅस्टिकमध्ये तापवून चिकटवून मिळते. ते पुन्हा बाहेर काढता येत नाही. आतला आम्लयुक्त कागद आतच करपत राहतो. ज्या घरी पत्रे लॅमिनेट केलेली दिसतात तिथे माणसे कौतुकाने दाखवतात आणि आपल्याला मान डोलवावी लागते.

दुसरा अत्याचार म्हणजे कागद ‘नीट लावणे’. तुरुंगाचे एकीकडे, शेतीचे एकीकडे, खाजगी बाजूला. आजोबांनी सावकाराच्या पावतीला छावणीतल्या सोबत्याचे पत्र का बांधून ठेवले असेल? कदाचित ते पैसे छावणीसाठीच उचलले असतील. गाठ सोडण्याआधी गठ्ठ्याचा मोबाइलवर फोटो काढावा, प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा टाकावा आणि मूळ क्रम तसाच ठेवावा. कागद कोणाशेजारी होता, हीही माहितीच असते.

पेन्शनच्या फाइलीबद्दल जरा सांभाळून बोलायला हवे. भूमिगत कामाचा पुरावा म्हणून तुरुंग भोगलेल्या सोबत्यांची शपथपत्रे लागत. त्या अटीने खऱ्यांना दमवले आणि खोट्यांना वाट दाखवली. शेजारच्या बीड जिल्ह्यातले बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण २००५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत आणि न्यायमूर्ती पालकर आयोगापर्यंत गेले. म्हणून फाइल फेकू नये, पण तिच्यावर विसंबूही नये. ती अर्जदाराने सरकारला ऐकवलेली गोष्ट आहे. १९४८ चे पोस्टकार्ड कोणत्याही योजनेसाठी लिहिलेले नव्हते.

सर्वांत अवघड कागद वेगळेच आहेत. सप्टेंबर १९४८ च्या त्या लष्करी मोहिमेनंतरच्या, म्हणजे ‘पोलीस कारवाई’नंतरच्या आठवड्यांत या भागातल्या मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांनी १९४८ च्या अखेरीस हिंडून जो अहवाल दिला, त्यात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, आहे. तो अहवाल कित्येक दशके बाहेर आलाच नाही. ट्रंकेत त्या दिवसांचे एखादे पत्र निघते, कोणी काय केले हे त्यात लिहिलेले असते आणि गावातली नावे असतात. घरच्यांना वाटते, हे जाळून टाकावे. जाळू नये. आज दाखवायचे नसेल तर वेगळ्या पाकिटात घालून वर तारीख लिहावी की अमुक वर्षांनी उघडावे. आयर्लंडच्या लोकांनी तेच केले. रझाकारांनी मारलेल्यांच्या घरी जसे कागद आहेत तसे नंतर मारल्या गेलेल्यांच्या घरीही असतील, आणि ते उर्दूत असतील. धाराशिव जिल्ह्याचा इतिहास दोन्ही ट्रंका उघडल्याशिवाय पुरा व्हायचा नाही.

कागद द्यायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, तिथेच स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्था आहे, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार खाजगी कागद स्वीकारते. मूळ कागद हातचे सोडवत नसतील तर सोडू नयेत. चांगल्या प्रती द्याव्यात. मात्र माझे मत विचाराल तर गावातही काही राहायला हवे. ज्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते ती याच जिल्ह्यातली. अणदूरला आलुरे गुरुजींच्या नावाशी जोडलेले जवाहर विद्यालय आहे. अशा शाळेतल्या एका कपाटात पंचक्रोशीतल्या कागदांच्या प्रती, मोडी जाणणारे एक माणूस आणि उर्दू जाणणारे एक माणूस, एवढ्यावर गावाचे दप्तर उभे राहते.

तोवर एक काम कोणालाही जमेल. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून घरी आलात की जुन्या फोटोंचा डबा काढा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा आणि फोटोत कोण कोण आहे ते मागे लिहून काढा. पेन्सिलीने. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते.