एक नाव, सहा स्पेलिंग

"कॉम्प्युटर घेत नाही." सेतू केंद्रात, बँकेत, शाळेच्या ऑफिसात हे वाक्य ऐकून परत फिरलेला माणूस आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, पॅन आधारशी जोडणे असो की अम्मीच्या खात्याचे केवायसी, कारण पुष्कळदा एकच असते: नाव जुळत नाही. माणूस तोच, अंगठा तोच, घर तेच. नाव मात्र दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले.

आपल्या घरांतल्या कितीतरी मुलामुलींनी एमएस-सीआयटीचा कोर्स केला आहे. सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागते म्हणून वालिदांनी फी भरली आणि मुले अर्ज टाइप करायला, बेरजा मारायला, ई-मेल पाठवायला शिकली. हे उपयोगाचेच आहे. पण कॉम्प्युटर नाव 'वाचतो' म्हणजे नेमके काय करतो, ही अगदी पहिली गोष्ट शिकायची राहून जाते.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. 1963 साली अमेरिकेत 'ॲस्की' नावाचा तक्ता ठरला. त्यात कॅपिटल ए म्हणजे 65, बी म्हणजे 66, असे प्रत्येक अक्षराला नंबर दिले. दोन शब्दांमधली मोकळी जागाही नंबरच, 32. पुढे युनिकोड आले आणि जगातल्या इतर लिप्यांनाही नंबर मिळाले. मराठीतला 'श' तिथे 2358 आहे, तर उर्दूतला शीन 1588. आपल्या कानाला एकच असलेला आवाज मशीनसाठी दोन अगदी वेगळे आकडे आहेत.

आता 'शेख' हे नाव इंग्रजीत लिहून पाहू. एस-एच-ए-आय-के-एच असे लिहिले तर मशीनमध्ये 83, 72, 65, 73, 75, 72 असे आकडे जातात. एस-एच-ई-आय-के-एच लिहिले की तिसरा आकडा 65 ऐवजी 69 होतो. कारकून दोन्ही नावे 'शेख' अशीच वाचतो. पण जिथे तंतोतंत जुळणीचा नियम लावलेला असतो, तिथे मशीन फक्त 65 आणि 69 सारखे आहेत का एवढेच पाहते. ते सारखे नाहीत. 'अब्दुल रहमान' एका कागदावर सुटे आणि दुसऱ्यावर जोडून लिहिले, तर एका 32 वरूनही काम अडते.

हा त्रास इतरांना होत नाही असे नाही. पण आपली नावे तीन लिप्यांतून प्रवास करतात. उर्दू शाळेच्या रजिस्टरात नाव उर्दूत, रेशन कार्डावर तलाठ्याच्या कानाने ऐकलेले मराठीत, आणि आधारवर ऑपरेटरला सुचेल त्या इंग्रजीत. मुहम्मद, मोहम्मद, महंमद, 'एमओएचडी' आणि नुसते 'एमडी' हे सारे एकाच घरातल्या कागदांवर सापडते. (प्रेषितांच्या (स.) नावावरून ठेवलेले नाव दोन अक्षरांत उरकणे तसेही बरे दिसत नाही.)

त्यावर फॉर्ममधले तीन रकाने: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. हा साचा नाव, वडिलांचे नाव, आडनाव या मराठी पद्धतीचा आहे. खानदेश, विदर्भ, मराठवाड्यात आपल्याकडे 'शेख रशीद शेख करीम' असे नाव असते. यातले आडनाव कोणते? एक ऑपरेटर 'शेख' पहिल्या रकान्यात टाकतो, दुसरा शेवटच्या. बायकांचे हाल याहून जास्त. माहेरच्या दाखल्यावर 'शबाना शेख करीम', निकाहनंतर रेशन कार्डावर 'शबाना बी शेख रशीद', मतदार यादीत 'शबाना बेगम', बँकेत नुसते 'शबानाबी', तेही जोडून. माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1500 रुपये आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. तेव्हा हा मामला फक्त शिकलेल्यांचा नाही, चुलीपर्यंत आलेला आहे.

गंमत अशी की कॉम्प्युटरच्या कामाच्या पद्धतीला जे नाव आहे, 'अल्गोरिदम', ते स्वतःच एका मुस्लिम विद्वानाच्या नावाचे चुकीचे स्पेलिंग आहे. मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी हे नवव्या शतकात खलीफा मामूनच्या काळी बगदादच्या बैतुल हिकमतमध्ये काम करत होते. हिंदी अंकांनी गणित कसे करावे यावर त्यांनी किताब लिहिली. बाराव्या शतकात ती लॅटिनमध्ये गेली तेव्हा भाषांतरकारांनी त्यांचे नाव 'अल्गोरित्मी' असे काहीतरी लिहिले, आणि तेच पायरीपायरीने हिशेब करण्याच्या रीतीचे नाव होऊन बसले. आज तेच अल-ख्वारिज्मी सेतू केंद्रात आले असते तर त्यांचाही अर्ज परत गेला असता.

'कॉम्प्युटर घेत नाही' या वाक्यात एक लपवाछपवी आहे. कॉम्प्युटर स्वतः काहीच ठरवत नाही. नियम माणूस लिहितो आणि मशीन तो पाळते. स्पेलिंगच्या फरकावर उपाय तर कॉम्प्युटरच्याही आधीचा आहे. 1918 साली अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी 'साउंडेक्स' नावाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. या पद्धतीने शेखची वरची दोन्ही स्पेलिंगे 'एस200' होतात. मुहम्मद, मोहम्मद, महंमद सगळे 'एम530'. 'एमओएचडी' मात्र 'एम300' निघते, म्हणजे ही पद्धतही पुरी नाही. पण एवढे नक्की की सैल जुळणी करता येते, आणि जे जुळत नाही ते बाद करण्याऐवजी माणसाने तपासायला बाजूला ठेवता येते. तसे करायचे की नाही, हा खात्याचा निर्णय असतो. म्हणून खिडकीवर भांडण न करता विचारावे: अर्ज कोणत्या कारणाने नाकारला, ते लेखी द्याल का? दुरुस्तीसाठी कोणता कागद चालेल?

नियम बदलेपर्यंत घर सावरायला हवे. आपण सातव्या दिवशी अकीका करून बाळाचे नाव ठेवतो, अर्थ विचारतो, मौलानांना दाखवतो. त्याच बैठकीत इंग्रजी आणि मराठी स्पेलिंगही एका कागदावर लिहून काढा, आणि वडिलांचे नाव त्यांच्या आधारवर आहे तसेच घ्या. जन्म नोंदणीत मुलाचे नाव 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. 1 ऑक्टोबर 2023 किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेश, आधार, मतदार नोंदणी यांसाठी जन्मतारखेचा पुरावा आहे, त्यामुळे तिथली चूक पुढे सगळीकडे उतरते.

शाळेतल्या मुलांचे जनरल रजिस्टरमधले नाव एकदा स्वतः जाऊन पाहा. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्ती होऊ शकते, दाखला हातात पडल्यावर ती फार अवघड होते. दहावीच्या अर्जानंतर शाळा प्री-लिस्ट दाखवते. मुले तिच्यावर घाईत सही करतात. ती पालकांनी अक्षर अक्षर वाचावी.

मोठ्यांच्या बाबतीत आधी सगळे कागद एका ठिकाणी मांडा आणि ज्या स्पेलिंगला सर्वांत जास्त कागदांचा आधार आहे ते धरा, मग ते आवडो न आवडो. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून पहिली खेप घाईत वाया घालवू नका. फरक मोठा असेल, म्हणजे 'शबाना बी'चे 'शबाना परवीन' झाले असेल, तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागते. तो अर्ज ऑनलाइन भरतात. भरताना घरातल्या एमएस-सीआयटी झालेल्या लेकीला शेजारी बसवा, आणि सबमिट दाबण्याआधी नाव तिच्याकडून मोठ्याने, एकेक अक्षर सुटे करून वाचून घ्या.