‘फौदा’ : वेश बदलता येतो, भाषेचं काय?

पी.एल. चालू असताना सीरियल बघणे हा गुन्हा आहे हे मान्य. पण गेल्या सेमिस्टरला मला ‘फौदा’ सापडली ती नेमकी पी.एल. मध्येच!

नेटफ्लिक्सवर चाळता चाळता लावली आणि सवयीप्रमाणे इंग्रजीत डब केलेला आवाज निवडला. दोन एपिसोड झाले तरी मारधाडीची आणखी एक सीरियल, यापलीकडे काही वाटेना. माझा रूम पार्टनर वसमतचा, घरी दखनी बोलणारा. तो कॉटवरूनच म्हणाला, “हे डबिंग काढ की रे, काय बघायलास! ओरिजिनल लाव, खाली सबटायटल येतात.” लावलं, आणि सीरियलच बदलून गेली.

‘फौदा’ हा अरबी शब्द. अर्थ गोंधळ, बजबजपुरी. वेश बदलून गेलेल्या सैनिकांचं बिंग फुटलं की ते वायरलेसवर हाच शब्द उच्चारतात. लिओर राझ आणि पत्रकार अवी इस्साखारोफ यांनी ही सीरियल तयार केली. ती २०१५ मध्ये इस्रायलमध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये नेटफ्लिक्समुळे जगभर पोचली. दोघांनीही ‘दुवदेवान’ या तुकडीत नोकरी केलेली आहे. १९८६ साली उभारलेल्या या तुकडीचे सैनिक अरब लोकांच्या वेशात पॅलेस्टिनी गावांत शिरतात. अशा सैनिकांना हिब्रूत ‘मिस्ताअरविम’ म्हणतात, म्हणजे अरब बनून वावरणारे. राझ स्वतःच नायक दोरोनचं काम करतो. त्याचे वडील इराकचे, आई अल्जीरियाची. त्यामुळे अरबी त्याच्या घरातलीच.

पहिल्या एपिसोडमध्ये ही मंडळी मिठाईवाले बनून एका लग्नघरात शिरतात. नवरदेवाचा भाऊ त्यांना हवा आहे. बिंग फुटतं आणि गोळीबारात नवरदेवच मरतो. आता बघा, डबिंगमध्ये सैनिकही इंग्रजी बोलतात आणि वऱ्हाडीही. मग भीती कसली राहणार? मूळ आवाजात सैनिक गाडीत हिब्रू बोलत असतात आणि खाली उतरले की अरबी. एक उच्चार चुकला की खेळ खलास! कपडे, मिशी, दाढी सगळं जमतं. जीव अडकलेला असतो तो जिभेवर.

हे आपल्याला काही नवीन नाही. इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूत मी ‘करायलोय’ गिळून ‘करतोय’ म्हणालो होतो, तरी समोरचे साहेब हसून म्हणाले, “मराठवाडा का?” पाच मिनिटांत माझा ‘फौदा’ झाला होता!

मूळ आवाजाचा आणखी एक फायदा. दुकान, हिशेब, खबर, दुनिया, वकील हे शब्द अरबीतूनच फारसीमार्गे आपल्याकडे आले. त्यामुळे मधूनच एखादा ओळखीचा शब्द कानावर पडतो. पार्टनरला तर माझ्या दुप्पट शब्द लागायचे. सबटायटल यायच्या आधीच तो सांगायचा.

पण सीझन संपला तेव्हा मी खुशीत होतो आणि तो गप्प. मी म्हणालो, “आपले बहिर्जी नाईक आठवले राव.” तो म्हणाला, “बहिर्जी खबर काढून परत यायचे. हे लग्नात घुसून गोळ्या घालायलेत. त्या गावात पुढच्या लग्नाला मिठाईवाला आला तर लोक त्याच्याकडं कसं बघतील?”

मला उत्तर सुचलं नाही. नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्याचा प्रश्न युद्धाच्या कायद्यातही आहे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलचं कलम ३७ सांगतं, की साधा नागरिक असल्याचं भासवून शत्रूला मारणं हा विश्वासघात होय. हेरगिरी वेगळी, हे वेगळं. कारण एकदा असं झालं की खऱ्या नागरिकावरही कोणी विश्वास ठेवत नाही. इस्रायल या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही. ३० जानेवारी २०२४ रोजी जेनिनच्या इब्न सिना हॉस्पिटलमध्ये इस्रायली सैनिक डॉक्टर-नर्सच्या आणि बायकांच्या वेशात शिरले आणि तीन पॅलेस्टिनींना मारलं. ते तिघे अतिरेकी होते असं इस्रायलचं म्हणणं. पण दुसऱ्या दिवशी त्याच हॉस्पिटलात पांढरा कोट घालून कामावर येणाऱ्या डॉक्टरचा विचार करा.

सीरियलमध्ये हा प्रश्न अधूनमधून डोकावतो. पॅलेस्टिनींनाही आई, बायको, पोरं आहेत हे ती दाखवते. तरी कॅमेरा बहुतेक वेळ सैनिकांच्याच खांद्यावर असतो, हे लक्षात ठेवून बघावं. २०२२ मध्ये सोनी लिव्हवर तिचा हिंदी अवतार ‘तनाव’ आला, काश्मीरमध्ये घडणारा. तिथे दोन्ही बाजू बहुतांशी हिंदी-उर्दूतच बोलतात, त्यामुळे भाषेची ती धाकधूक उरत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. फर्स्ट इयरला घरचा फोन आला की पार्टनर उठून गॅलरीत जायचा. रेंज नसेल असं मला वाटायचं. आता तो कॉटवर पडूनच अम्मीशी दखनीत बोलतो, आणि मी मध्येच एखादा शब्द ओळखला की हसतो. रेंज पहिल्यापासून चांगलीच होती, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

तर मंडळी, ‘फौदा’ बघा, पण मूळ आवाजात. शक्यतो एकट्याने बघू नका. आणि हो, पेपर संपल्यावर!