एक्स-रे नॉर्मल, मग बोटं का दुखतात?

आजचा भाग छोटा आहे, पण घरी आईला, मावशीला नक्की ऐकवा. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, बरणीचं झाकण फिरत नाही, तासाभराने हात जरा मोकळे होतात. एक्स-रे काढला तर नॉर्मल. मग घरचे म्हणतात, काही नाही गं, वयाचं आहे.

इथेच गडबड होते. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो, त्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्याच्या आतलं पातळ अस्तर सुजतं आणि ही सूज पुढे हाड कुरतडते. एक्स-रेला दिसतं ते मुख्यतः हाड. म्हणजे त्यात खड्डा दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बंद पडल्यावर अलर्ट आला. आधी लोड वाढत होता, तो कुणी बघितलाच नाही.

मॉलिक्युलर इमेजिंग तो लोड बघतं. पेट स्कॅनच्या आधी शिरेतून ट्रेसर देतात: साखरेसारखा रेणू, त्याला जोडलेलं किरणोत्सारी फ्लोरिन-१८. सुजेतल्या पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून तो सांधा स्कॅनमध्ये उजळतो. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे ते अंगात फार काळ राहत नाही. अडचण अशी, की साखर स्नायूही खातात आणि इन्फेक्शन झालेली जागाही. नुसतं उजळलं म्हणजे आमवात, असं नाही.

म्हणून ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी वेगळा ट्रेसर वापरला, पीके-१११९५. हा सुजेत जमणाऱ्या मॅक्रोफेज नावाच्या पेशींना चिकटतो. २०१२ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात २९ जण होते. सांधे दुखत होते, रक्तात आमवाताच्या अँटीबॉडी होत्या, पण डॉक्टरांच्या हाताला सूज लागत नव्हती. चौघांचे सांधे स्कॅनमध्ये स्पष्ट उजळले, आणि त्या चौघांनाही सहा महिन्यांत आमवात झाला! भारी ना? पण थांबा. स्कॅन स्वच्छ आलेल्या २५ जणांपैकीही पाच जणांना दोन वर्षांत तो झालाच. शिवाय या ट्रेसरमधला कार्बन-११ साधारण २० मिनिटांत निम्मा होतो, म्हणजे तो बनवणारा सायक्लोट्रॉन जवळच हवा. त्यात अभ्यासही छोटाच.

त्यामुळे उद्या उठून पेट स्कॅन करायला जाऊ नका, प्लीज. खर्च आहे, रेडिएशन आहे. आज रुमॅटॉलॉजिस्ट आधी हात तपासतात, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या सांगतात, गरज पडली तर सांध्याची सोनोग्राफी. पॉवर डॉपलर सोनोग्राफीत अस्तरातला वाढलेला रक्तप्रवाह दिसतो, तोही रेडिएशनशिवाय. औषधं लवकर सुरू झाली तर हाडं वाचायची शक्यता बरीच वाढते.

जाण्याआधी आठवडाभर मोबाईलमध्ये एवढं लिहून ठेवा: किती वाजता उठलात, बोटं किती वाजता मोकळी झाली. डॉक्टर हे हमखास विचारतात.