गेममधला नेम आणि खरी गोळी

१९९३ च्या 'डूम' या गेममध्ये वर-खाली नेम धरताच येत नसे. शत्रू समोरच्या रेषेत आला की उंचीचा हिशेब गेमच करायचा.

'काउंटर-स्ट्राइक'मध्ये गोळी झाडताक्षणी लागते. मात्र एके-४७ चा ट्रिगर दाबून ठेवला की गोळ्या आधी वर चढतात, मग डावी-उजवीकडे सरकतात. क्रम बराचसा ठरलेला असल्याने माउस उलट दिशेने ओढून तो हाताला बसवता येतो. खऱ्या बंदुकीचा झटका असा पाठ होत नाही. तरी खेळ म्हणून ही रचना फार सुंदर आहे, सराव थेट फळतो.

खऱ्या एके-४७ ची गोळी सेकंदाला सुमारे ७१५ मीटर वेगाने सुटते. ३०० मीटरवर पोचायला तिला जवळपास अर्धा सेकंद लागतो, वाटेत ती खालीही येते. 'पबजी'तली गोळीही अशीच वेळ घेते आणि खाली येते, म्हणून तिथे लांबून पळणाऱ्याच्या पुढे आणि थोडा वर नेम धरावा लागतो.