विश्लेषण : एक दिवा गेला की अर्धी माळ का विझते? आणि विझलेल्या माळेला हात का लावू नये?

दिवाळी जवळ आली की माळ्यावरचा खोका खाली येतो. गुंता सोडवून लाइटची माळ प्लगला लावावी, तर अर्धी पेटते आणि अर्धी अंधारात. मग घरातलं कुणीतरी पक्कड आणि चिकटपट्टी घेऊन बसतं. खरा धोका इथेच असतो. तो समजून घेण्यासाठी शाळेत शिकलेल्या ‘एकसर’ आणि ‘समांतर’ जोडणीची उजळणी करू.

एकसर जोडणी म्हणजे काय?

एकामागोमाग एक जोडलेले दिवे आणि विजेला जायला एकच वाट. सगळ्या दिव्यांतून सारखाच प्रवाह जातो, व्होल्टेज मात्र वाटून घेतलं जातं. समजा, सारखे ४६ दिवे २३० व्होल्टवर एकसर जोडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ व्होल्ट येतात. एक दिवा तुटला की वाटच तुटते आणि सगळे विझतात. बाजारातल्या अनेक माळांमध्ये असे दोन-तीन गट असतात आणि ते गट एकमेकांना समांतर जोडलेले असतात. म्हणून एक गट विझतो, बाकीचे पेटतात.

विझलेली माळ सुरक्षित असते का?

नाही. दिवा ५ व्होल्टचा असला तरी माळ थेट २३० व्होल्टवर आहे. वाट तुटली की प्रवाह थांबतो, पण फेजकडून तुटलेल्या जागेपर्यंतची वायर जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टवरच राहते. तिथल्या उघड्या टोकाला हात लागला तर वीज शरीरातून जमिनीकडे जाते. नुसतं बटण बंद करणंही पुरेसं नाही. दोन पिनांचा प्लग उलटा बसला आणि माळेचं बटण न्यूट्रलवर आलं, तर दिवे विझतात पण वायर ‘जिवंत’ राहते. गेलेला दिवा काढून वायरी थेट पिळल्या, तर उरलेल्या दिव्यांवरचं व्होल्टेज वाढतं. ४६ ऐवजी ४० दिवे उरले, तर प्रत्येकी ५.७५ व्होल्ट.

मग घरात एक दिवा गेला तरी पंखा कसा चालतो?

कारण घराचं वायरिंग समांतर असतं. प्रत्येक उपकरणाला स्वतःची वाट आणि पूर्ण २३० व्होल्ट मिळतात. मात्र इथे प्रवाहांची बेरीज होते. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर १००० वॅटची इस्त्री (सुमारे ४.३ अँपिअर) आणि १५०० वॅटची किटली (सुमारे ६.५ अँपिअर) लावली, तर बोर्डच्या एका वायरमधून जवळपास ११ अँपिअर प्रवाह जातो. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे ६ अँपिअरच्या बोर्डची वायर तिच्या मर्यादेपेक्षा तिपटीहून अधिक तापते.

एमसीबी वाचवणार नाही का?

एमसीबी वायरिंगला एकसर जोडलेला असतो, म्हणूनच तो पडला की पुढचं सगळं बंद होतं. पण त्या सर्किटचा एमसीबी १६ अँपिअरचा असेल, तर ११ अँपिअरला तो पडत नाही आणि बारीक वायर तापत राहते. माणसाला शॉक बसतानाचा प्रवाह तर त्याहून कितीतरी कमी असतो. त्यासाठी आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेल्या आणि न्यूट्रलमधून परतलेल्या प्रवाहात फरक दिसला की तो वीज तोडतो. घरगुती वापरात ही मर्यादा साधारण ३० मिलिअँपिअर असते.

यंदा एवढं करा

• माळेला हात लावण्याआधी प्लग काढा.
• सोललेली, पिळलेली किंवा चिकटपट्टी लावलेली माळ टाकून द्या.
• बाल्कनीत, ग्रिलवर घरातली माळ लावू नका. बाहेरच्या वापरासाठीचीच घ्या.
• इस्त्री, किटली, हीटर एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका.
• आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण दाबून पाहा. तो पडला नाही तर वायरमनला बोलवा.