खान्देशात फायबर इंटरनेट सुरू करताय? आधी ओएलटीबद्दल हे वाचा

चोपडा, यावल, शिरपूर, साक्री भागात केबलवाले मित्र आता फायबर टाकत आहेत. पहिला प्रश्न हमखास येतो: ओएलटी (ऑफिसातून सगळ्या ग्राहकांच्या फायबरला सिग्नल देणारं यंत्र) कोणत्या तंत्राचा घ्यायचा, ईपॉन की जीपॉन?

ईपॉन स्वस्त पडतं, पण एका पोर्टवर दोन्ही बाजूंनी सव्वा गिगाबिटच मिळतं. जीपॉनमध्ये ग्राहकाकडे जाणारा वेग सुमारे अडीच गिगाबिट. नव्याने सुरुवात असेल तर माझं मत सरळ जीपॉनला.

मग प्रकाशाचा हिशेब मांडा. ओएलटीच्या पोर्टमध्ये बसणाऱ्या बी-प्लस मॉड्यूलला 28 डेसिबलपर्यंतचा तोटा चालतो. 1:64 स्प्लिटरच (एका फायबरचे 64 फाटे करणारा) सुमारे 21 खातो, दहा किलोमीटर फायबर साडेतीन, वर जोड आणि कनेक्टर. हातात फार काही उरत नाही! वाड्या-वस्त्या लांब असतील तर 1:32 वरच थांबा.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो. पत्र्याच्या बंद खोलीत त्याहून जास्त. म्हणून ओएलटीच्या माहितीपत्रकात वेगाआधी तापमानमर्यादा बघा. दोन पॉवर सप्लाय आणि 48 व्होल्ट डीसी इनपुट असलेलाच ओएलटी घ्या, म्हणजे लाइट गेली की तो थेट बॅटरीवर चालतो, मध्ये इन्व्हर्टर लागत नाही.

धुळे-जळगावकडे कोणतं मॉडेल उन्हाळाभर टिकलं, कमेंटमध्ये नक्की लिहा.